बाईंच्या होडीतली बैठक

सुरतेत पर्वत पाटियाला माझं फोमचं दुकान आहे. सोफे, गाद्या, रिक्षाच्या सीटा, दवाखान्यातली टेबलं, ज्याला बूड टेकायला मऊ लागतं तो माझ्याकडे येतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी फोममध्ये अंगठा रुतवून बघतं आणि मग भावावर येतं. भाव करण्यात मी आजवर कुणाला हार गेलेलो नाही. अपवाद एक, पवारबाई. त्याचंही मला तेवढं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम त्यांच्यासाठी होतं आणि त्या एकदाही तोंडानं ‘बरं झालं’ म्हणाल्या नाहीत.

बाई आम्हाला नवागामच्या मराठी शाळेत पी.टी. शिकवायच्या. आम्ही सगळी खानदेशातून कापडाच्या मागांवर आलेल्या लूमवाल्यांची पोरं. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानावर गुजराती. पुस्तकातलं मराठी फक्त शाळेत. बाई नांदेडच्या. त्यांचं मराठी पुस्तकातलंही नव्हतं. “काय करायलास रे तिथं?” असं त्या ओरडल्या की नवीन पोरगं हमखास हसायचं. एकदाच हसायचं. मग शिट्टीचा दोरा पोटरीवर बसायचा.

बाई डावीकडे झुकून चालायच्या. कुणी म्हणे लहानपणी झाडावरून पडल्या, कुणी म्हणे जन्मापासूनच तसं आहे. विचारायची छाती कुणाची नव्हती. पण झुकलेल्या बाई पळायला लागल्या की सातवीची पोरं मागे पडत. प्रार्थनेआधी त्या आम्हाला मांडी घालून बसवत आणि रांगेतून फिरत एकेकाच्या पाठीत बोट खुपसत. “सरळ बस. आधी बूड, मग बुद्धी.” शाळेत ऐकलेलं बाकी सगळं मी विसरलो. हे राहिलं, कारण माझा धंदाच बुडावर चालतो.

त्यांच्यावरचा माझा राग तेव्हापासूनचा आहे. कबड्डीच्या शेवटच्या सामन्यात मी समोरच्याच्या घोट्याला हात लावला होता. पंच नाही म्हणाला. मी पंचाची कॉलर धरली. बाईंनी मला मैदानातून बाहेर काढलं, आपल्याच शाळेच्या पोराला, आणि आम्ही हरलो. पुढे कितीतरी वर्षांनी त्या दुकानात आल्या तेव्हा मी पहिलं वाक्य हेच बोललो, “बाई, तो टच होता.”

“नव्हता,” बाई म्हणाल्या. “चहा सांग. आणि बाहेर ये, टेम्पोत काय आणलंय बघ.”

टेम्पोत एक होडी होती. होडी म्हणायची म्हणून म्हणायची. शेवग्याच्या शेंगेसारखी लांब, बारीक, टेम्पोच्या दोन्ही टोकांनी बाहेर आलेली. वर झाकण नाही, आत शिरायला जागा नाही. मधोमध बसण्यापुरता एक खळगा, पुढे पाय लांब करायला दोन चर. सर्फ-स्की म्हणतात असं बाईंनी सांगितलं. मुळात ती समुद्राच्या लाटांसाठी असते. बाई ती तापीत चालवत होत्या, कॉजवेच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी अडून तळ्यासारखं होतं. तिथं सकाळी होड्या चालवणारा एक गट आहे. त्यातला एक जाडजूड तरुण कॅनडाला गेला, त्याची होडी बाईंनी घेतली. निवृत्तीनंतर. ज्या वयात आमच्याकडच्या बायका गुडघ्याला तेल चोळत बसतात त्या वयात.

“बाई, हे काय खूळ?” मी म्हणालो.

“जमिनीवर मी चालायले की सगळे बघतेत,” बाई म्हणाल्या. “पाण्यात मी बसलेली असते.”



अडचण त्या खळग्याची होती. तो त्या जाडजूड तरुणाच्या मापाचा. बाई काडीसारख्या. त्यात डाव्या खुब्याचा सांधा झिजलेला, डॉक्टर कधीचे सांधा बदला म्हणत होते आणि बाई कधीच्या ‘बघू’ म्हणत होत्या. खळग्यात त्या डावीकडे घसरत, होडी डावीकडे कलंडे आणि बाई पाण्यात. मागच्या वेळी त्या जलपर्णीत पडल्या होत्या. वेलींत पाय अडकला. गटातल्या लोकांनी ओढून काढलं तेव्हा ओठ काळे पडले होते. हे त्यांनी मला बिस्किट चहात बुडवत सांगितलं. मला पोहता येत नाही. मी कुणाच्या लग्नाला उकईला गेलो तरी धरणाकडे पाठ करून उभा राहतो.

गटाचा म्होरक्या जिग्नेशभाई. त्यानं बाईंना बजावलं होतं, “मासी, हवे पडशो तो होडी बंध.” आता पडलात तर होडी बंद. येत्या रविवारी तो परीक्षा घेणार होता. मोटरबोट शेजारून पळवून लाटा उठवायच्या, त्यात बाईंनी टिकायचं. मग मुद्दाम पडून, कुणाच्या मदतीशिवाय परत वर चढून दाखवायचं. नाही जमलं तर बाईंची होडी कुलपात आणि बाई काठावर.

“मला खळगा भरून दे,” बाई म्हणाल्या. “मी हलायला नको.”

मी म्हणालो, “त्यात काय! अशी सीट देतो की राणीसारखं वाटेल.”

इथं मी धंदेवाल्याची चूक केली. गिऱ्हाईक अंगठा रुतवतं, खूश होतं, हेच मला माहीत. मी सगळ्यात उंची फोम काढला, बुडाखाली जाड गादी केली, वर रेक्झिन चढवलं, कडेला पायपिंगचा गोटसुद्धा घातला. माझ्या स्वतःच्या गाडीत तशी सीट नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात सुरतेतलं एक मोठं गिऱ्हाईक बसलं होतं, नव्या हॉटेलच्या खुर्च्यांचं काम होतं. बाई आल्या त्या ओल्या कपड्यांत. हातातली गादी त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवली आणि दोन्ही तळहातांनी दाबली. तापी माझ्या काउंटरवरून वाहत त्या शेठजींच्या मांडीवर गेली.

“सुभाष,” बाई म्हणाल्या, “हा सोफा आहे.”

“बाई, गिऱ्हाईक बसलंय!”

“बसू दे की. त्यालाबी कळू दे. मी काठावरच पडले, नशीब जिग्नेश नव्हता. हिच्यावर बसलं की मी वर उचलली जातेय. जेवढी वर तेवढी डुगडुगायलेय. आणि ही पाणी पिऊन म्हशीएवढी जड झाली.”

शेठजी धोतर झटकत उठले. ते काम गेलं. मी भडकलो. एवढ्या वर्षांत बाईंवर पहिल्यांदा आवाज चढवला. “जा, दुसरीकडून करून घ्या! मी सोफेवाला आहे, खलाशी नाही! उद्या तुम्ही बुडालात तर लोक म्हणतील, सुभाषच्या फोमनं बाई मारली!”

बाईंनी पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, “झालं? आता होडी आत घे.”

होडी दुकानात मावेना. निम्मी फुटपाथवर राहिली. मी शटर वर करून तिच्याशेजारी उकिडवा बसलो आणि बाईंना खळग्यात बसायला सांगितलं, कोरड्या जमिनीवर. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. बुडाखाली काहीच नको होतं. उलट जेवढं खाली बसता येईल तेवढं बरं. रिकामी जागा बाजूला होती. उजवीकडे थोडी, डावीकडे जास्त, कमरेच्या मागे एक खाच. तिथं भरायचं, आणि मऊ नव्हे, टणक, पाणी न पिणारं. ईव्हीए फोम लावायचा, ज्याच्या चपलांचे तळवे होतात तो. तो माझ्याकडे होता. कुणी अंगठा लावत नाही म्हणून मागे पडून होता.

“बाई, असं घट्ट बसवतो की तुम्ही हलणारच नाही,” मी म्हणालो.

“तसं नको.” बाई पहिल्यांदाच घाईनं बोलल्या. “पडले तर सुटता आलं पाहिजे. आणि परत चढताना बूड नीट त्यात पडलं पाहिजे. धरलं पाहिजे, अडकवायला नको.”

सैल राहिलं तर बाई पडणार, घट्ट झालं तर होडीखाली अडकणार. या दोहोंच्या मधलं माप कुठल्या टेपवर असतं? मी टेप लावली, पुठ्ठे कापून बघितले. बाई जरा हलल्या की माप बदलायचं. मी चिडायचो. त्या म्हणायच्या, “कशाला चिडायलास? माझं हाड वाकडं आहे, टेप सरळ आहे.”

माप सापडलं ते माझ्या बायकोला, मंगलला. ती डबा घेऊन आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “आपली शेजारीण तिच्या दातांचं माप द्यायला गेली तवा दातवाल्यानं काय दिलं होतं? लगदा चावायला दिला ना? मंग यास्ले बी लगद्यात बसाडा.”

“फोमचा लगदा होतो का?” मी ओरडलो.

“फोमना नही. पीठना.”

मी गव्हाचं पीठ म्हणालो. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. “गहूनं पीठ दाबं का परत वर येस. कळणानं दाबं का तठेच ऱ्हास.” दाबलं की तिथंच राहतं.

कळण म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, आमची खानदेशी भाकरी त्याचीच. मंगलनं घरी जाऊन भाकरीसाठी मळतात त्याहून जरा घट्ट पीठ मळलं, पिशव्यांत भरलं, त्या पिशव्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे लावल्या. “बाई, बठा,” ती म्हणाली. बाई बसल्या. मंगलनं त्यांच्या हातात झाडू दिला. “वल्हवा.” पर्वत पाटियाच्या फुटपाथवर, निम्म्या दुकानात आणि निम्म्या रस्त्यात, आमच्या शाळेच्या पी.टी.च्या बाई झाडूनं हवेत वल्ही मारत होत्या. येणारे-जाणारे थांबले. एका रिक्षावाल्यानं विचारलं, “माजी, डुमस के समंदर तक जाओगे क्या?”

“तू मागं बस, नेते,” बाई म्हणाल्या.

त्या उठल्या तेव्हा पिठात त्यांचा खुबा उतरला होता. डावीकडचा लगदा उजवीच्या दुप्पट जाड होता आणि खालच्या कडेला एकदम पातळ झाला होता. हलताना मांडी जिथं घासली तिथं पिठाला वळ होता. मी तो लगदा उन्हात कडक होऊ दिला आणि त्यावरून फोमचे थर कापले, एकावर एक चिकटवले, पॉलिश पेपरनं घासले. घासताना दर वेळी प्रश्न तोच, आणखी काढू की राहू देऊ? एक घासा जास्त झाला की बाई सैल, एक कमी झाला की अडकलेल्या. आधी नुसत्या टेपनं चिकटवून बाईंना बसवलं, उतरवलं, बसवलं, उतरवलं. उतरताना त्या कळवळत. तोंडानं काही म्हणत नसत, डावा हात मात्र मुठीत आवळत.

मग चिकटवायच्या सोल्युशननं पक्कं केलं. शनिवार संध्याकाळ होती. हवेत ओल होती आणि सोल्युशनला आणखी एक दिवस हवा होता. मी म्हणालो, परीक्षा पुढच्या रविवारी ठेवा. बाई म्हणाल्या, “जिग्नेश म्हणेल, मासी घाबरली.”

“घाबरा ना मग! घाबरण्यासारखंच आहे!”

“मी घाबरलेच आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर उद्या जायचं.” आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

रविवारी सकाळी मी नदीवर जाणार नव्हतो. तरी गेलो. काठावर पंधरावीस माणसं, बहुतेक गुजराती, खेळायचे कपडे घातलेली. त्यात मी आणि मंगल, आम्ही लग्नाला आल्यासारखे. बाईंनी जॅकेटचे पट्टे आवळले, होडीची दोरी घोट्याला अडकवली आणि खळग्यात बसल्या. बसल्यावर एकदा उजवीकडे सरकून बघितलं, एकदा डावीकडे. माझ्याकडे बघितलंच नाही. मी सोल्युशनला मनात म्हणत होतो, धर, आज धर.

बाई आत गेल्या. मोटरबोट निघाली. पहिला फेरा लांबून मारला, होडी नुसती डोलली. दुसरा जवळून मारला. लाट डाव्या बाजूनं आली आणि मी डोळे मिटले. मंगलनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. “देखा, देखा ना!” उघडले तेव्हा होडी कलली होती, पण तिच्याबरोबर बाई कलल्या नव्हत्या. कमरेखाली त्या होडीच्या होत्या, कमरेवर सरळ. वल्ह्याचं पातं पाण्यावर सपाट टेकवलेलं. लाट खालून गेली, होडी परत आली.

“शाब्बास मासी!” जिग्नेशभाई ओरडला. “हवे पडो!”

बाईंनी वल्हं धरलं आणि स्वतःला पाण्यात सोडलं. होडी उलटी झाली. पांढरं बूड वर. बाई नाहीत.

माझ्या तोंडून शिवी गेली. कुणाला ते माहीत नाही. बहुतेक मलाच. अडकल्या. उजवीकडे आणखी घासायला हवं होतं. मी बूट काढायला लागलो, पोहता येत नसताना. मंगलनं माझा शर्ट मागून धरला. मग होडीच्या पलीकडे डोकं वर आलं, पांढरे केस कपाळाला चिकटलेले.

होडी त्यांनी सरळ केली. आता चढायचं. आधी पोटावर आडवं पडायचं, मग वळून बूड खळग्यात टाकायचं, मग पाय आत. पहिल्या वेळी डावा पाय वर येईना आणि त्या परत पाण्यात गेल्या. मोटरबोट पुढे सरकली. बाईंनी हात वर करून थांबवली. त्या होडीला धरून नुसत्या तरंगत राहिल्या. लांबूनही त्यांचा श्वास दिसत होता. मग एकदम उसळल्या, पोटावर आल्या, वळल्या, आणि त्यांचं बूड खळग्यात पडलं. हात लावून ठेवावं तसं पडलं. पाय नंतर सावकाश आले, एक, मग हातानं उचललेला दुसरा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, माझ्या हातात अजून बूट होता. बाई काठाला आल्या. मी गुडघाभर पाण्यात गेलो, पँटसकट. वाटलं, आता तरी ‘बरं झालं’ म्हणतील.

“उजवीकडं जरा टोचायलंय,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर बाई दीड हंगाम नदीवर जात होत्या. दुकानासमोरून गेल्या तर मी विचारायचो, “धरतंय ना?” त्या म्हणायच्या, “धरतंय की.” यापलीकडे नाही. मग एक दिवस त्यांना जिना चढवेना. सांधा बदलावाच लागला. ऑपरेशन नीट झालं. बाई वॉकर टाकून काठीवर आल्या, काठी टाकून दुकानात आल्या. दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी ओळखलं नाही. त्या सरळ उभ्या होत्या. जन्मात मी त्यांना सरळ पाहिलेलं नव्हतं.

होडी टेम्पोत होतीच. खळग्यात बसल्या आणि उजवीकडे कलल्या. माझी डावी बाजू, ती दुप्पट जाड, पिठावरून उतरवलेली, आता त्यांना ढकलत होती.

“काढ,” बाई म्हणाल्या.

“बाई, असं काम माझ्या हातून परत होणार नाही.”

“मग? मी काय करू?”

“पूर्वीसारखं बसा ना!” मी ओरडलो.

बाई हसल्या. इतक्या हसल्या की होडीतून उठता येईना. मंगलला हात द्यावा लागला. मी सुरी घेतली. सोल्युशन असं धरून बसलं होतं की फोम सुटेना, तुकडे तुकडे करून खरवडावा लागला. दोन्हीकडे सारखी, पातळ, साधी पट्टी लावली. ती कुणीही लावली असती.

हे सगळं घाईत, कारण बाई नांदेडला निघाल्या होत्या, भावाच्या मुलीकडे, कायमच्या. डॉक्टरनं पाण्यात जायची परवानगी दिली होती, गोदावरी तिथं होतीच. “तिथं मोटरबोट आहे का? कुणी बरोबर आहे का?” मी विचारलं. बाई म्हणाल्या, “बघू.” या ‘बघू’चा मला भरवसा नाही. आता दुकानात फोन वाजला आणि नंबर अनोळखी असला की माझा हात आधी थांबतो. मी फोन करणार नाही. त्यांनी करावा.

ट्रॅव्हल्सची बस पाटियावरूनच सुटते. होडी टपावर चढवली. बाई खाली उभ्या राहून क्लीनरला गाठी कशा मारायच्या ते सांगत होत्या आणि तो “हां बा, हां बा”, म्हणजे हो आई, म्हणत स्वतःच्याच मारत होता. मागच्या टोकाला लाल फडकं बांधलं. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या. बस हलली तेव्हा मला आठवलं आणि मी शेजारून पळत सुटलो.

“बाई! पट्टी आज लावलीय! दोन दिवस पाण्यात घालू नका!”

बाईंनी काच सरकवली. “तू पळू नको, रस्ता बघ!”

“दोन दिवस, बाई!”

“बरं!” त्या म्हणाल्या आणि काच ओढून घेतली.

पुढे वळण आहे. बस तिथं वेगात गेली आणि डावीकडे झुकली. टपावरची होडी तिच्याबरोबर झुकली, दोर ताणला, लाल फडकं आडवं झालं. मी रस्त्याच्या मधोमध थांबलो. मागून हॉर्न वाजत होते. बस वळली, सावकाश सरळ झाली. होडीही झाली. खिडकीत बाई ताठ बसलेल्या दिसल्या, पुढे बघत. मग मध्ये एक ट्रक आला.